तीन अंकी प्रश्नावली

प्रा. खुशाल निमगडे यांनी नाटक सोडावं, असं १९८५ सालच्या हिवाळ्यात एकूण अकरा जणांचं मत पडलं. अकरा हा आकडा खुशालनेच काढलेला. समाजशास्त्राचा प्राध्यापक असल्यामुळे आपले विरोधकही मोजून ठेवायची त्याला सवय होती. त्यात कॉलेजचे प्राचार्य होते, पीएच.डी.चे मार्गदर्शक होते, सासुरवाडीचे दोघं होते, आणि शेजारचे लहानूभाऊ तर होतेच होते. लहानूभाऊ वनरक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून खुशालला सल्ला देणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यात ते कधी रजा घेत नसत. बायको वच्छला मात्र या यादीत नव्हती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायची आणि तिचं म्हणणं एवढंच होतं, "सोडा का धरा, पन रोज रोज मले इचारू नोका."

खुशालला काहीच सोडायचं नव्हतं. गडचिरोलीहून चामोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही आणि पुढची नावंही बदललेली आहेत, कारण प्राचार्य अजून खणखणीत आहेत. तिथे तो आठवडाभर कुटुंबसंस्था, विवाहसंस्था आणि प्राचार्यांनी सांगितलंच तर भूगोलही शिकवायचा. धान खळ्यावर आलं, गावोगाव शंकरपटाचे बैल धावायला लागले आणि पटाच्या रात्री नाटकं उभी राहायला लागली, की हाच माणूस सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून निघायचा. गळा गोड होता, बोटं पेटीवर पळायची आणि तोंडाला रंग लागला की अंगात वेगळाच माणूस शिरायचा. त्याचा बाप मुखरू हा जलशात गाणारा. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं म्हणून मोलमजुरी करून त्याने पोराला एम.ए.पर्यंत शिकवलं आणि मरताना पेटी त्याच्या हवाली केली. "शिक बी अन् गाय बी," एवढंच म्हणाला. आता मरत्या बापाने दोन गोष्टी सांगितल्या असताना त्यातली एकच करायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं? समाजशास्त्रात तरी बसत नाही, असं खुशालचं ठाम मत होतं.

पण डिसेंबरात नागपूरहून मार्गदर्शक डॉ. मोहरील यांचं पत्र आलं.

"निमगडे, आपण पाठवलेल्या शंभर प्रश्नावल्या वाचल्या. कोसमटोला येथील शंभरच्या शंभर कुटुंबांत दोन-दोन अपत्ये आहेत. भावाभावांत तंटा नाही. कागदाबाहेर कोणी गुंठाभरही जमीन कसत नाही. मोहाची दारू हा शब्द कोणी ऐकलेला नाही. सर्व जण रात्री आठला झोपतात. हे गाव पृथ्वीवर आहे काय? मी २३ जानेवारीस स्वतः येत आहे. तथ्ये दुरुस्त न झाल्यास महिनाअखेर आपली नोंदणी रद्द करावी लागेल. आणखी एक. आपण नाटकात काम करता असे कळते. संशोधक हा निरीक्षक असतो, नट नव्हे. दोहोंपैकी एक निवडावे."

नोंदणी गेली की नोकरीही लटकणार होती. खुशाल अजून कायम झालेला नव्हता आणि "पीएच.डी.ची प्रगती दाखवा, मग बघू" असं प्राचार्यांनी साफ सांगून ठेवलं होतं. वर गंमत अशी, की २३ जानेवारीलाच कोसमटोल्याचा पट होता आणि त्या रात्री 'तलाठ्याने मोडला संसार' या तीन अंकी नाटकात खुशालला तलाठ्याचं काम होतं.

आता कोसमटोल्याची माणसं खोटारडी होती का? मुळीच नाही. पण हातात कागद आणि खिशाला पेन लावून आलेला माणूस म्हणजे सरकार, हे त्यांचं अनेक वर्षांच्या अनुभवाचं शास्त्र होतं. मुलं किती, असं विचारणारा मागाहून ऑपरेशनला न्यायला येतो. जमीन किती, असं विचारणारा जंगलाच्या कडेचा धानाचा तुकडा मोजायला येतो. खुशाल आठ महिने दर रविवारी त्या गावात जात होता. पेटी घेऊन गेला, की "या जी पेटीवाले मास्तर" म्हणून बाजेवर चादर अंथरली जायची. फॉर्म घेऊन गेला, की तीच माणसं हात जोडून उभी राहायची. एकदा त्याने दोन्ही नेलं. बाया त्याच्या पेटीवर तासभर खुशीत गायल्या, आणि फॉर्म काढल्याबरोबर म्हणाल्या, "दोन."

सगळ्यांत पहिलं "दोन" ठमाबाईचं होतं. गावात शिरल्याबरोबर तिचं घर. तिने त्याला कोरा चहा दिला, भाकर खाऊन जायचा आग्रह केला, पोरांना अंगणात हाकलून दिलं आणि दाराला टेकून सांगितलं, "दोन, बाप्पा." अंगणात त्या वेळी तीन पोरं खेळत होती. तिसरं शेजारच्याचं, असं तीच म्हणाली. खुशालने दोन लिहिले.

पत्र आल्याची बातमी शेजारी कळायला किती वेळ लागणार? लहानूभाऊ संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले.

"सोपं हाये, मास्तर. हिवताप काढा."

"कोणाला?"

"तुमाले. नाटकवाल्याईले सांगा, मले हिवताप हाये. त्या नागपूरच्या सायबाले बी तेच सांगा. मी नोकरीत अठरा वर्षांत सोळा खेप काढला. लई विश्वासाची बिमारी हाये."

"आणि महिनाअखेर नोंदणी रद्द झाली तर?"

"मंग खराच येईल," लहानूभाऊ शांतपणे म्हणाले.

खुशालने त्याच रात्री ठरवलं. तो दिवसा साहेबांना गाव दाखवणार, रात्री तलाठी होणार आणि यातलं काहीही सोडणार नाही. जमलं तर दोन्ही, नाही जमलं तरी दोन्ही. वच्छलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग झोपा आता. तब्येत लागन."

पहिला अडथळा परवानगीचा. मुख्यालय सोडण्याचा अर्ज तीन प्रतींत घेऊन खुशाल प्राचार्य गुणवंतराव चिंतलवार यांच्यासमोर उभा राहिला.

"भूमिका कोणती?" प्राचार्यांनी विचारलं.

"तलाठ्याची."

"लाच खाणारा?"

"खाणारा सर. आणि विधवेची जमीन लाटणारा."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "निमगडे, नायक असता तर मी विचार केला असता. आपल्या कॉलेजचा माणूस खलनायक? विद्यार्थी काय म्हणतील?"

"विद्यार्थ्यांनीच माझं नाव सुचवलं, सर."

हे वाक्य उच्चारताना आपल्या स्वाभिमानाचं कपाळ आपणच फोडतो आहोत हे खुशालला कळत होतं. अर्ज टेबलावरच राहिला.

ही कथा त्याने कोसमटोल्याला जाऊन दादाजींना सांगितली. दादाजी हे गावच्या नवयुवक नाट्य मंडळाचे अध्यक्ष, वय बासष्ट. सगळं ऐकून ते म्हणाले, "त्याच्यात काय हाये जी? सायेबाईचं नाव हँडबिलात टाकतो ना." आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं हँडबिल छापतात त्यात नटांची नावं बारीक असतात, पाहुण्यांची ठळक. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, शिवाय विशेष अतिथी आणि अतिविशेष अतिथी. ज्याचं नाव राहिलं तो पुढच्या वर्षी नाटकाला बैलबंडी देत नाही, म्हणून कोणाचंच नाव राहत नाही. कोसमटोल्याच्या हँडबिलात त्या वर्षी सदतीस नावं होती. उद्घाटक: डॉ. मोहरील, नागपूर. सहउद्घाटक: प्राचार्य गुणवंतराव चिंतलवार. आणि सगळ्यांत खाली, छापखान्याच्या नावाला चिकटून, तलाठी: प्रा. निमगडे.

हँडबिल पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं: "शैक्षणिक क्षेत्रकार्यास्तव परवानगी देण्यात येते. मीही उपस्थित राहीन." एक विरोधक कमी झाला. राहिले दहा.

तेवीस तारखेला सकाळी डॉ. मोहरील एसटीतून उतरले. हातात होल्डॉल, गळ्यात मफलर, खांद्याला थर्मास आणि चेहऱ्यावर शंभर प्रश्नावल्या. रेस्ट हाऊस आधीच कोणा मोठ्या साहेबांसाठी राखलेलं होतं, म्हणून त्यांची सोय दादाजींच्या घरी केली होती. आता पटाच्या दिवशी दादाजींच्या घरी सोय म्हणजे काय, तर लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे व्याही असे बेचाळीस पाहुणे आधीच हजर होते. साहेबांना ओसरीवर एका सुताराच्या आणि एका नवऱ्या मुलाच्या मामाच्या मध्ये जागा मिळाली. लाखोळीच्या डाळीचे वडे मात्र त्यांनी सात खाल्ले, ते खुशालने मोजले.

दिवसभर दोघं घरोघर फिरले. साहेबांनी स्वतः विचारलं. काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. नागपूरचा मफलरवाला साहेब, वर मागे फॉर्म धरून उभा असलेला मास्तर! लोकांनी घाबरून मुलं आणखी कमी केली. एका घरी चक्क "एक" असं उत्तर आलं आणि त्या वेळी दारातून चार डोकी बघत होती. ठमाबाईकडे गेले, तर ती "दोन" म्हणून आत निघून गेली आणि परत आलीच नाही.

"निमगडे," संध्याकाळी साहेब थकून म्हणाले, "तुम्ही प्रामाणिक आहात हे मला पटलं. पण या तथ्यांवर प्रबंध उभा राहत नाही. मी उद्या सकाळी जाऊन रद्दचं पत्र टाकतो. मला वाईट वाटतं."

आठ महिन्यांचे रविवार गेले, नोकरी गेली, बापाचं अर्धं वचन गेलं. पण खुशालने मान वर केली. "सर, सकाळ अजून व्हायची आहे. तुम्ही आज उद्घाटक आहात. चला."

"मी काय आहे?" साहेब म्हणाले. हँडबिल त्यांना तेव्हा पहिल्यांदा दाखवण्यात आलं.

निघताना एक छोटी गोष्ट घडली आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. तलाठ्याच्या हातात फाइल हवी होती. दादाजी म्हणाले होते, "मास्तर, तुमची ती फारमाची फाइलच आना ना. लई जाड हाये. तलाठ्यासारखी दिसते." खुशालला ते पटलं. त्यातच त्याने आपल्या संवादांचे अकरा कागदही लावून ठेवले होते. काम पाठ होतं, पण गेला महिना अर्ज आणि पत्रं यांत गेल्यामुळे दुसरा अंक जरा कच्चा होता. डॉ. मोहरील हे फार टापटिपीचे गृहस्थ. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी ती फाइल शेवटची चाळली. मध्येच "चांडाळा, माझं कुंकू पुसलंस" असं लिहिलेला कागद पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली, असे अकरा असंबद्ध कागद काढून आपल्या होल्डॉलमध्ये ठेवले आणि फाइल नीट बांधून परत दिली. खुशालने ती न उघडता काखेत मारली.

नाटकाच्या जागी धानाचं तणस म्हणजे पेंढा अंथरलेला, त्यावर चार-पाच हजार माणूस, मांडवाच्या कडेने बैलबंड्या. मांडवातल्या खुर्च्या बाकीच्या छत्तीस पाहुण्यांतच संपल्या. तेव्हा उद्घाटन झाल्यावर साहेबांना कुठे बसवायचं? दादाजींनी त्यांना स्टेजपुढच्या खड्ड्यात उतरवलं. आमच्याकडे पेटी-तबलेवाले स्टेजपुढच्या खड्ड्यात बसतात, म्हणजे मागच्यांना नाटक दिसतं. "इथून चांगलं दिसते जी," दादाजी म्हणाले. साहेब वही मांडीवर घेऊन तबल्याशेजारी बसले. त्यांचं फक्त मफलर वरून दिसत होतं.

भाषणं झाली. प्राचार्य एकटेच चाळीस मिनिटं बोलले, 'कला आणि शिस्त' या विषयावर. बाकीच्यांनीही कोणी मागे राहायचं नाही असं ठरवलेलं होतं. शेवटच्या अतिविशेष अतिथीचं भाषण संपलं तेव्हा विंगेत पोचू प्रॉम्प्टर कंदिलाला टेकून गाढ झोपला होता. नाटकाची एकमेव पूर्ण प्रत त्याच्या बुडाखाली होती.

पहिला अंक मात्र असा रंगला म्हणता! नांदीला खुशालने खड्ड्यात बसून पेटी वाजवली, मग विंगेत जाऊन टोपी घालून तलाठी झाला आणि त्याच्या एंट्रीच्या पदाला तीन वेळा वन्स मोअर पडला. साहेब खड्ड्यातून मान वर करकरून बघत होते. आपला विद्यार्थी एवढा गातो हे त्यांच्या कोणत्याही प्रश्नावलीत आलेलं नव्हतं.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला. विधवा पारू झोपडीच्या दारात बसलेली. हे काम वडशाच्या रंभाबाई करत होत्या. पंधरा वर्षं स्टेजवर काढलेली बाई, कशालाच न घाबरणारी. तलाठी फाइल घेऊन येतो, खुर्चीवर बसतो, आणि दहा मिनिटं बोलून तिची जमीन आपल्या नावावर करून घेतो, असा प्रवेश.

खुशाल बसला. पहिलं वाक्य आठवेना. त्याने रुबाबात फाइल उघडली. संवाद नव्हते. पान उलटलं. पुन्हा नव्हते. शंभर प्रश्नावल्या तेवढ्या एकामागून एक गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्याने विंगेकडे पाहिलं, तर पोचूचे पाय तेवढे दिसले, तळवे वर. चार-पाच हजार माणूस गप्प. सहउद्घाटक पुढच्या खुर्चीत सरसावून बसले.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. खुशालने मनाशी म्हटलं, निमगडे, आज पळालास तर दोन्हीकडून पळालास. त्याने टोपी सरळ केली, मिशी पिळली आणि तलाठ्याच्या खर्जातल्या आवाजात समोरचा कागद वाचला.

"प्रश्न क्रमांक एक! कुटुंबप्रमुखाचे नाव?"

रंभाबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. "मेला!" म्हणाल्या.

मांडव हसला.

"प्रश्न क्रमांक दोन! कुटुंब संयुक्त की विभक्त?"

"आता मी एकटी. कोनासंगं विभक्त होऊ, साहेब?" रंभाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

आणि मागून, तणसातून, एक पुरुषी आवाज आला, "आमच्या घरी इचार ना बे तलाठ्या! चुली चार हायेत अन् कागदावर एक!"

"चार काऊन?" खुशालच्या तोंडून गेलं. हे नाटकातलं नव्हतं आणि प्रश्नावलीतलंही नव्हतं. हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भावाईचं पटत नाई ना जी!"

त्याचे दोन भाऊ त्याच तणसावर शेजारी बसले होते, तेही हसले. मग दुसरीकडून आवाज आला, "आमच्या बी दोन चुली!" तिसरीकडून, "आमच्या तीन, अन् चौथी होऊन राह्यली!" झालं. बांध फुटला. खुशालने पान उलटलं आणि खुर्चीवरून उठून स्टेजच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला.

"प्रश्न क्रमांक सात! कसण्यातली जमीन किती?"

"जंगलातली धरून का सोडून?" एकाने विचारलं, आणि असा हशा पिकला की बैल उठून उभे राहिले. मग लोक सांगत सुटले. कोणी धरून सांगितली, कोणी सोडून सांगितली, कोणी दोन्ही सांगून फरक काढून दिला. मोहाची विचारली तर बायकांनी नवऱ्यांची मापंच सांगितली. खऱ्या मास्तरला आठ महिने खोटं सांगणारी माणसं खोट्या तलाठ्याला भडाभडा खरं सांगत होती. खरा तलाठी असता तर तोंड शिवलं असतं. पण हा तर आपलाच पेटीवाला, मिशी लावलेला, आणि त्याच्या हातात पेनही नव्हतं!

पेन खड्ड्यात होतं. डॉ. मोहरील तबल्याला टेकून असे लिहीत होते, की तबलजीने त्यांना उजेडासाठी आपला कंदील दिला.

"प्रश्न क्रमांक अकरा! गावाच्या विहिरीवर सर्व समाजांना पाणी भरता येते काय?"

शंभर फॉर्मांवर याला शंभर "होय" होते. आता डाव्या अंगाने, जिथे खुशालच्या समाजाची माणसं बसली होती, एक म्हातारा उठला. "भरता येते जी. पन आमी गेलो का बाकीचे आपले दोर गुंडाळतेत."

कोणी हसलं नाही. दादाजी अध्यक्षीय खुर्चीत आपल्या पायांकडे बघत राहिले. खुशालने पान उलटलं.

"प्रश्न क्रमांक चौदा," तो म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता. "अपत्ये किती?"

"पाच!" "सहा!" "आमचे आठ, एकाचं लगन झालं!" सगळीकडून आकडे उडायला लागले. बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. त्या गलक्यात पुढच्या रांगेतून ठमाबाई उठली. तिने पदर नीट घेतला. एखाद्या कचेरीत उभी राहावी तशी ती उभी राहिली.

"सात झाले, तलाठी," ती म्हणाली. "तीन हायेत. चार गेले. मास्तरले मी दोन सांगतले होते. तू सात लिव."

मांडव शांत झाला. खुशालला वाटलं, आपण टोपी काढावी. मग आठवलं की आपण तलाठी आहोत. त्याने काढलीच. रंभाबाई झोपडीतून उठून पुढे आल्या आणि नाटक सोडून खरोखरच्या रडल्या. खुशालचेही डोळे भरले आणि रंग गालावरून ओघळला.

एवढ्या शांततेने पोचूला जाग आली. आपण कुठे आहोत हे न कळून त्याने बुडाखालची प्रत ओढली, सापडलं ते पान उघडलं आणि जीव तोडून प्रॉम्प्ट केलं, "चांडाळा, माझं कुंकू पुसलंस!" ते शेवटच्या बैलबंडीपर्यंत ऐकू गेलं. तेवढ्या धाग्याने खुशाल नाटकात परत शिरला आणि पद गायला लागला. त्या वेळी खड्ड्यातून मफलर वर आलं.

"निमगडे! प्रश्न पंधरा ते सत्तावीस राहिले!"

तबलजीने साहेबांना हात धरून खाली बसवलं.

एक मात्र बिघडलं. तिसऱ्या अंकात नायक तलाठ्याला चाबकाने फोडून काढतो, आणि त्यासाठीच लोक रात्रभर जागतात. नायकाने चाबूक उचलला आणि मांडवातून बाया ओरडल्या, "मारू नोका जी त्याले! चांगला तलाठी हाये!" नायक चाबूक हातात धरून बावळटासारखा उभा राहिला. शेवटी रंभाबाईंनीच तलाठ्याला माफ केलं, सातबारा परत घेतला आणि पडदा पाडला. नाटकाचा शेवटच बदलला. लेखक पाहुण्यांत बसले होते. अतिविशेष अतिथी क्रमांक तीन ते स्वतःच. ते पुढे कधी खुशालशी बोलले नाहीत.

सकाळी दादाजींच्या ओसरीसमोर निम्मं गाव जमलं. रात्रीची नशा उतरली होती आणि चेहऱ्यांवर जंगलाच्या कडेचे तुकडे दिसत होते.

"मास्तर," दादाजी चाचरत म्हणाले, "रातचं ते... कोनी लिवलं तं नाई ना?"

डॉ. मोहरील यांनी भरलेली वही छातीशी धरली. आयुष्यात एवढी चांगली तथ्यं त्यांना एका बैठकीत मिळाली नव्हती. खुशाल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मिशीचा डिंक अजून ओठावर होता.

"सर, ही वही मी वापरणार नाही, जर यात एकाचंही नाव असेल. गावाचंही नाव बदलायचं. ते मान्य नसेल तर रद्दचं पत्र खुशाल टाका. नोकरी गेली तर गेली, मला पेटी वाजवता येते."

साहेबांनी छातीशी धरलेली वही खाली घेतली. "नावं लिहायला दिसत कोण होतं मला?" ते म्हणाले. "मी खड्ड्यात होतो. पाठीमागून नुसते आवाज येत होते." मग त्यांनी होल्डॉल उघडून अकरा कागद काढले आणि थोडे ओशाळून त्याच्या हातात ठेवले. "हे तुमचे. आणि प्रबंधात संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात काय लिहायचं ते मी नाही सांगत. संशोधक नट नसतो असं मी लिहिलं होतं, ते पत्र फाडून टाका."

वही गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली. ज्याला जे नको होतं ते खोडलं. फार थोडं खोडलं. विहिरीचं उत्तर वाचताना दादाजी म्हणाले, "ते राहू द्या. खरं हाये." त्या उन्हाळ्यात विहिरीवर सगळ्यांचे दोर एकाच रहाटावर आले. आले म्हणजे दोन भांडणं होऊन आले, पण आले.

प्राचार्यांनी प्रगतीच्या अहवालावर सही केली आणि 'सहउद्घाटक' म्हणून प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपला उल्लेख यावा असं सुचवलं. तो आला. खुशाल कायम झाला. विरोधकांच्या यादीत शेवटी एकटे लहानूभाऊ उरले, आणि तेही केवळ सवय म्हणून.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर प्रबंध काळ्या पुठ्ठ्यात बांधून आला. बातमी कोसमटोल्याला गेली आणि एका रविवारी चामोर्शीच्या बाजाराला आलेली ठमाबाई खुशालच्या घरी येऊन टेकली. वच्छलाने चहा ठेवला.

"माहे सात लिवले का जी?" तिने विचारलं.

"लिहिले ना." खुशालने मोठ्या उत्साहाने पान एकशे बारा उघडलं. तक्ता क्रमांक चौदा. जन्मलेल्या अपत्यांची सरासरी, हयात अपत्यांची सरासरी, टक्केवारी. साहेबांनी या तक्त्याचं फार कौतुक केलं होतं.

ठमाबाईला वाचता येत नव्हतं. तिने बोट ठेवलं आणि सगळ्या रकान्यांवरून हळूहळू फिरवलं.

"ह्याच्यात माहे कोनते?"

खुशालने तक्त्यात पाहिलं. सरासरी पाच पूर्णांक तीन. त्यात ती होती, सगळेच होते, आणि कोणीच नव्हतं. वच्छला चुलीपासून त्याच्याकडे बघत होती. तो उठला, तिच्या शाळेच्या पिशवीतून पेन्सिल काढली, परत येऊन बसला आणि त्या कोऱ्या करकरीत प्रबंधाच्या समासात लिहायला लागला.

"सांगा बाई. नावं सांगा."

"किसना. सुभद्रा. बारका ईठोबा," ती म्हणाली. मग चौथं बोट धरलं. "एकीचं ठेवाचं राह्यलं."

त्याने तीन नावं लिहिली. चौथ्या ओळीवर "मुलगी" असं लिहिलं. त्याखाली जिवंत तिघांची, तिने सांगितली तशी. मग सातही ओळी तिला वाचून दाखवल्या. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली प्रत स्वच्छ आहे. खुशालच्या घरची तेवढी अशी आहे.

"आता बराबर झालं," ठमाबाई म्हणाली. तिने डोळे पुसले, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली. "मंग तलाठी, औंदा नाटक कोनतं हाये?"

खुशालने पेटीवरची चादर काढली आणि तिला यंदाच्या नाटकाच्या पहिल्या अंकातलं पद म्हणून दाखवलं.